त्रिस्सिनो कुठे आहे हे आपल्याला माहीत हवं होतं : किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायतींना खुलं पत्र

प्रति,
सरपंच, उपसरपंच आणि सर्व सदस्य,
रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतल्या किनारपट्टीच्या ग्रामपंचायती

सप्रेम नमस्कार.

मी दाभोळ खाडीच्या काठावरच्या एका गावात वाचनालय सांभाळते. गेल्या ग्रामसभेत मी एक मागणी ठेवली होती. महिन्यातून एका संध्याकाळी वाचनालयाच्या पडवीत परदेशातल्या घडामोडींवर बोलणं व्हावं, आणि त्यासाठी पंचायतीने जगाचा एक मोठा नकाशा आणि जादा वर्तमानपत्रांचा खर्च द्यावा, एवढंच. एक सदस्य उठून म्हणाले, "नळाला दिवसाआड पाणी येतंय, साकव मोडून पडलाय, आणि ह्यांना सुदानचं पडलंय." टाळ्या वाजल्या आणि विषय तिथेच मिटला.

त्या सदस्यांवर माझा राग नाही. पाण्याचं त्यांचं म्हणणं खरं आहे, माझ्याही घरी हंडे-कळश्या भरून ठेवाव्या लागतात. पण टाळ्या वाजवणाऱ्यांत अशी घरं होती, ज्यांचा मुलगा त्या वेळी कुठल्यातरी लांबच्या समुद्रात बोटीवर होता. ज्यांच्या घराचा चिरा न् चिरा कुवेतच्या पैशांतून आला, तीही होती. ह्या सगळ्यांना जग लांबचं वाटावं, हे माझ्या मनातून जाईना. आणि हे आमच्या एका गावापुरतं नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून पत्र सगळ्या किनाऱ्याला लिहिते आहे.

सुरुवात त्रिस्सिनोपासून करते. इटलीच्या उत्तरेला विचेन्झा नावाचं शहर आहे, त्याच्या जवळचं हे छोटं गाव. तिथे १९६० च्या दशकात एक रासायनिक कारखाना उभा राहिला. तो जी रसायनं बनवायचा त्यांना पीएफएएस म्हणतात. तव्याला अन्न चिकटू नये, कापडावरून पाणी ओघळून जावं, आग विझवणारा फेस टिकून राहावा, अशा कामांसाठी ती वापरली जातात. कार्बन आणि फ्लोरिन यांची त्यांच्यातली जोडणी इतकी घट्ट असते की ऊन, पाऊस, माती, जिवाणू, कशानेही ती सहजी तुटत नाही. म्हणून त्यांना 'कायमची रसायनं' असं नाव पडलं आहे. ती जमिनीत मुरतात, विहिरीत उतरतात आणि माणसाच्या रक्तात जाऊन बसतात. त्यांतल्या पीएफओए या रसायनाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२३ साली माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या यादीत घातलं.

त्रिस्सिनोच्या परिसरातल्या पाण्यात ही रसायनं आहेत हे २०१३ साली उघड झालं. विचेन्झा, व्हेरोना आणि पादोव्हा या तीन जिल्ह्यांतली साधारण साडेतीन लाख माणसं त्या पाण्याच्या पट्ट्यात राहत होती. पाण्याला वास नव्हता, रंग नव्हता, चवीत फरक नव्हता. पुढे मुलांच्या रक्ततपासणीचे अहवाल घरोघरी आले, तेव्हा तिथल्या आया एकत्र आल्या आणि त्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. कारखाना २०१८ साली दिवाळखोरीत निघाला. २६ जून २०२५ रोजी विचेन्झाच्या न्यायालयाने तिथल्या ११ माजी अधिकाऱ्यांना दोषी ठरवलं. सगळ्यांच्या शिक्षा मिळून १४१ वर्षं होतात.

आता या कारखान्याच्या यंत्रसामग्रीचं पुढे काय झालं ते सांगते. दिवाळखोरीनंतर ती लिलावात रीतसर विकली गेली, बोटीत चढली आणि आपल्या खेड तालुक्यात, लोटे परशुरामच्या एमआयडीसीत आली.

इथे काही गळती झाली, कुणाच्या विहिरीत काही सापडलं, असा माझा आरोप नाही. त्याचा पुरावा माझ्याजवळ नाही आणि तो शोधणं तपासणी करणाऱ्या यंत्रणांचं काम आहे. मला बोलायचं आहे ते आपल्याबद्दल. लिलाव २०१९ साली झाला. त्या वेळी त्रिस्सिनोच्या पाण्याची गोष्ट इटलीच्या वर्तमानपत्रांत सहा वर्षं छापून येत होती. आया रस्त्यावर होत्या, तज्ज्ञांचे अहवाल होते, खटल्याची तयारी चालू होती. सगळं उघड्यावर होतं, लपलेलं काही नव्हतं. ते आपल्यापर्यंत पोचायला फक्त कुणीतरी तिकडे बघत असायला हवं होतं. आपल्यातलं कुणीच बघत नव्हतं. लोट्यातल्या बहुतेकांच्या कानावर त्रिस्सिनो हे नाव पडलं ते यंत्रं येऊन उभी राहिल्यावर.

वाशिष्ठी आणि जगबुडीचं पाणी जिथे मिळतं त्या खाडीत मेलेले मासे तरंगताना पाहिलेली माणसं माझ्या गावात आहेत. खाडीतल्या भोई समाजाची मासेमारी कशी बसत गेली हे त्यांना कुणी शिकवायला नको. अशा माणसांना त्रिस्सिनोच्या आयांची हकिगत वेळेत कळली असती, तर त्यांनी नेमका प्रश्न विचारला असता : नेहमीच्या सांडपाणी प्रकल्पात ही रसायनं निघत नाहीत, मग तुम्ही ती कशी काढणार आहात? हा प्रश्न रसायनशास्त्राची पदवी नसलेला माणूसही विचारू शकतो. त्याला फक्त माहीत असावं लागतं की असा प्रश्न असतो.

नवा मोठा प्रकल्प आला की पर्यावरणाच्या मंजुरीसाठी बहुतेकदा जनसुनावणी लागते, त्याची नोटीस किमान ३० दिवस आधी निघते. त्या ३० दिवसांत भाताची लावणी असेल, आंब्याची काढणी असेल नाहीतर गणपती असतील. जाडजूड अहवालाचा सारांश तालुक्याच्या कचेरीत ठेवलेला असतो. एवढ्या मुदतीत कुठलं गाव काय शिकणार? जे शिकायचं ते नोटीस लागण्याआधीच, सवयीने शिकलेलं असावं लागतं.

ही काही पहिली वेळ नव्हती. गुहागर तालुक्यात एन्रॉन ही अमेरिकन कंपनी वीजप्रकल्प घेऊन आली तेव्हा विजेचा दर, नाफ्था, डॉलरमधला करार, ह्यावर आपल्याकडे पुष्कळ बोललं गेलं. पण ह्यूस्टनच्या मुख्यालयात त्या कंपनीच्या हिशेबांत काय चाललं आहे ते अमेरिकेतल्याही फार थोड्या लोकांना माहीत होतं. मे २००१ मध्ये इथला प्रकल्प बंद पडला आणि डिसेंबरमध्ये तिकडे कंपनीने दिवाळं काढलं. अंजनवेल-वेलदूरच्या ज्या पोरांनी त्या नोकरीच्या भरवशावर कर्जं काढली होती, त्यांना 'ह्यूस्टन लांब आहे' असं आज कुणी सांगून पाहावं. जैतापूर प्रकल्पात माडबनला फ्रेंच बनावटीच्या सहा अणुभट्ट्या बसवण्याचा बेत आहे, सगळ्या मिळून १०,३८० मेगावॅट. त्याच जातीची एक भट्टी फ्रान्सच्या किनाऱ्यावर फ्लामांव्हिल इथे २००७ साली बांधायला घेतली. ती २०१२ साली चालू व्हायची होती. प्रत्यक्षात वीज जाळ्यात आली डिसेंबर २०२४ मध्ये, आणि खर्च ठरल्याच्या चौपट झाला. प्रकल्पाच्या बाजूने असा की विरोधात, फ्लामांव्हिलचं नाव राजापूर तालुक्यातल्या प्रत्येक ग्रामपंचायत सदस्याला ठाऊक असायला हवं. तेही समुद्रकाठचंच गाव आहे. तिथल्या लोकांनी काय पाहिलं हे विचारण्यासारखं आहे.

आता बोटीवरच्या माणसांबद्दल. माझा धाकटा भाऊ तेलवाहू जहाजावर ऑइलर आहे. कॉन्ट्रॅक्ट संपलं की येतो, घराची कौलं शाकारतो, परत साइन ऑन करतो. आपल्या किनाऱ्यावर अशी घरं वाडीवाडीत आहेत. २६ जानेवारी २०२४ रोजी गावात प्रजासत्ताक दिनाची प्रभातफेरी निघाली. त्याच दिवशी एडनच्या आखातात मार्लिन लुआंडा या तेलवाहू जहाजावर येमेनच्या हूथी बंडखोरांचं क्षेपणास्त्र आदळलं आणि जहाज पेटलं. त्यावर २२ भारतीय खलाशी होते. आपल्या नौदलाची विशाखापट्टणम ही युद्धनौका मदतीला धावली, आग विझली, माणसं वाचली. भाऊ त्या जहाजावर नव्हता. पण त्याच्या जहाजाचा मार्ग तोच होता, आणि कंपनीने सुवेझ सोडून अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालायचं ठरवलं असं त्याने फोनवर सांगितलं तेव्हा आईने ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवला. तो मार्ग दहा-बारा दिवसांनी लांबतो. आईला दिवस लांबल्याचं काहीच नव्हतं, तिला तो वळसा देवाच्या कृपेसारखा वाटला.

आता विचार करा, ही आग कुठून आली. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी गाझातल्या हमास संघटनेने इस्राएलवर हल्ला केला, साधारण १,२०० माणसं मारली आणि कित्येकांना ओलीस नेलं. त्यानंतर इस्राएलने गाझावर जे युद्ध चालवलं त्यात हजारो-हजारो माणसं, त्यांत लेकरं किती तरी, मेली. आपण गाझाच्या बाजूने लढतो आहोत असं सांगत नोव्हेंबरपासून हूथींनी तांबड्या समुद्रातून जाणाऱ्या जहाजांवर हल्ले सुरू केले. येमेन स्वतः त्याआधी कित्येक वर्षं यादवीत होरपळत होतं, तेव्हा त्याची बातमी आपण वाचली नव्हती. गाझा, येमेन, तांबडा समुद्र आणि माझ्या आईने ठेवलेला नारळ हे एकाच दोरीला बांधलेलं आहे. त्या दोरीची टोकं कुठे आहेत हे ज्या घरातला मुलगा बोटीवर जातो त्या घराला कळू नये?

६ मार्च २०२४ रोजी ट्रू कॉन्फिडन्स या जहाजावर क्षेपणास्त्र पडलं आणि तीन खलाशी मेले. दोघं फिलिपिन्सचे होते, एक व्हिएतनामचा. उरलेल्यांना आपल्या कोलकाता या युद्धनौकेने वाचवलं. आपल्याकडे त्या दिवशी बातमी आली ती नौदलाच्या शौर्याची, आणि ती अभिमानाचीच होती. पण मेलेल्या तिघांच्या गावाबद्दल मला फार वाटत राहिलं. फिलिपिन्समधून जितकी माणसं बोटीवर जातात तितकी दुसऱ्या क्वचितच देशातून जात असतील. तिथेही घराची कौलं आणि मुलांच्या फिया त्याच पगारावर चालतात, तिथेही आया फोनची वाट बघतात. भाऊ सांगतो, इंजिन रूममध्ये त्याच्या शेजारी बहुतेक वेळा फिलिपिनो असतो, आणि आग लागली तर एकमेकांना ओढून बाहेर काढायचं हे त्यांना शिकवलेलं असतं. मग ती माणसं आपल्याला लांबची कशी?

सोमालियाचंच घ्या. सप्टेंबर २०१० मध्ये अस्फाल्ट व्हेंचर नावाचं जहाज चाच्यांनी पळवलं. पुढल्या वर्षी खंडणी मिळाल्यावर जहाज सोडलं, पण सात भारतीय खलाशांना ठेवून घेतलं, कारण भारताने पकडलेले आपले साथीदार त्यांना हवे होते. ती सात माणसं ऑक्टोबर २०१४ मध्ये सुटली. चार वर्षं त्यांच्या घरच्यांनी कशी काढली असतील याची कल्पना ज्यांच्या घरात खलाशी आहे त्यांनाच येईल. त्या चाच्यांना मी चांगलं म्हणणार नाही. पण हे चाचे आले कुठून? १९९१ साली सोमालियातलं सरकार कोसळलं. किनाऱ्याची राखण करायला कुणी उरलं नाही, तेव्हा परदेशी ट्रॉलर येऊन तिथली मासळी उपसून नेऊ लागले. किनाऱ्यावरचे साधे मच्छीमार जाळी घेऊन बघत राहिले. पुढे त्यातून आणि इतर अनेक कारणांतून बंदुकवाल्यांचा धंदा उभा राहिला, आणि तो धंदा आपल्या मुलांपर्यंत येऊन पोचला. मालवणच्या रापणकरांना, हर्णै-दाभोळच्या छोट्या बोटवाल्यांना ह्यातला पहिला भाग समजावून सांगावा लागणार नाही. पर्ससीनची जाळी, एलईडीचे दिवे, रात्रीत येऊन किनारा खरवडून नेणारे परराज्यातले हायस्पीड ट्रॉलर, ह्याबद्दल ते वर्षानुवर्षं निवेदनं देत आले आहेत. किनाऱ्याची राखण सुटली की काय होतं, हे सोमालियाने शेवटपर्यंत पाहिलं आहे. आपल्या मच्छीमार सोसायट्यांच्या बैठकीत ही हकिगत एकदा तरी सांगितली जावी असं मला मनापासून वाटतं.

मंडणगड, खेड, दापोली, श्रीवर्धन, म्हसळा इथल्या मोहल्ल्यांना आणि वाड्यांना कुवेतची आठवण मी करून द्यायला नको. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकी रणगाडे कुवेतमध्ये शिरले. तिथले दीनार रद्दी झाले, दुकानं लुटली गेली, आणि लाखो भारतीय अडकले. जॉर्डनमधल्या अम्मानपर्यंत वाळवंटातून जायचं आणि तिथून विमानाने मुंबईला यायचं, असं करत सुमारे १,७०,००० माणसं परत आणली गेली. पगार, बँकेतली शिल्लक, घरचं सामान तिकडेच राहिलं. पुढल्या वर्षी तेलाची वाढलेली किंमत आणि आखातातून आटलेला पैसा यांनी देशाची गंगाजळी इतकी खाली आणली की सोनं गहाण टाकावं लागलं. ज्या घरांनी हे भोगलं त्यांच्या नातवंडांना आज इराक कुठल्या दिशेला आहे ते विचारून पाहा.

आंब्याचं थोडक्यात सांगते, कारण बागायतदार हे माझ्यापेक्षा चांगलं जाणतात. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने हापूस बंद केला. कारण फळमाशी. आधीच्या वर्षी भारतातून गेलेल्या फळभाज्यांच्या २०७ खेपांमध्ये त्यांना कीड सापडली होती. बंदी आंब्याबरोबर वांगं, कारलं, पडवळ आणि चक्क अळूवरही होती. ऐन हंगामात लंडनला जाणाऱ्या पेट्या वाशीत उतरल्या आणि भाव कोसळला. पुढल्या हंगामाआधी आंब्यावरची बंदी उठली, पण पॅकहाऊसची तपासणी कडक झाल्यावरच. इशारे मात्र त्याआधीच येत होते. युरोपीय संघाच्या मुख्यालयात, ब्रसेल्समध्ये आपल्या खेपांबद्दल तक्रारी साठत आहेत, ही बातमी एखाद्या बागायतदार संघाने २०१३ च्या पावसाळ्यात वाचून दाखवली असती, तर पुढचा मोहोर येईपर्यंत फळमाशीचे सापळे लावायला वेळ मिळाला असता. २०२० आणि २०२१ साली अमेरिकेचे तपासनीस साथीमुळे इकडे येऊ शकले नाहीत, म्हणून तिकडे आंबाच गेला नाही. एका माणसाचं विमान न उडण्यावर देवगडच्या पेटीचा भाव अवलंबून असतो.

आणि पाऊस. मृगाला जो वारा आपल्याकडे पाऊस घेऊन येतो तो मॉरिशस-मादागास्करच्या बाजूच्या समुद्रात निघतो, विषुववृत्त ओलांडतो, केनिया-सोमालियाच्या किनाऱ्याला घासून वळतो आणि अरबी समुद्र पार करून आपल्या डोंगरावर येतो. २०१९ साली हिंदी महासागराची पश्चिम बाजू नेहमीपेक्षा बरीच तापली. पूर्व आफ्रिकेत पूर आले, ऑस्ट्रेलियात दुष्काळ पडून जंगलं पेटली, आणि ऑक्टोबरात क्यार वादळाने आपल्या बोटी बंदरात बांधून ठेवल्या. एकाच समुद्राची ही सगळी करणी.

इथपर्यंत मी नफा-नुकसानीच्या भाषेत बोलले, कारण ग्रामसभेत तीच भाषा आधी ऐकली जाते. पण माझं म्हणणं तिथे संपत नाही, आणि ते तिथे संपवणं मला खोटेपणाचं वाटेल.

ज्या सुदानवरून टाळ्या पडल्या त्याचंच बोलते. १५ एप्रिल २०२३ रोजी तिथे सैन्य आणि निमलष्करी दल एकमेकांवर तुटून पडले. आपल्या सरकारने 'ऑपरेशन कावेरी' चालवून पोर्ट सुदानहून जेद्दामार्गे हजारो भारतीयांना सुखरूप आणलं. त्या दिवसांत पहिल्या पानावर सुदान होतं. आपली माणसं विमानातून उतरली आणि सुदान आपल्या पानांवरून जवळजवळ नाहीसं झालं. युद्ध मात्र चालू राहिलं. एक कोटीहून अधिक माणसं घरं सोडून निघाली. म्हणजे रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे तिन्ही जिल्हे दुपटीने रिकामे झाले असं समजा. तिथल्या दारफुर भागात उपासमारीने माणसं मेली. त्यांच्याशी आपला आंब्याचा व्यवहार नाही. तरीही त्यांचं काय झालं हे विचारणारा एक तरी माणूस प्रत्येक गावात असावा असं मला वाटतं. निसर्ग वादळाने ३ जून २०२० रोजी आपली नारळी-पोफळीची बागायत झोपवली, तेव्हा कुठून कुठून पत्रे, ताडपत्र्या, धान्य आलं. देणाऱ्यांनी आपल्याशी काही व्यवहार आहे का ते विचारलं नाही. हरिहरेश्वर नकाशावर कुठे आहे हेही त्यांतल्या कित्येकांना माहीत नसेल.

रत्नागिरीला तर परक्या मुलखाचं दुःख तीस वर्षं आपल्या अंगणात राहिलं आहे. ब्रह्मदेशच्या राजाने सागवानाच्या ओंडक्यांवरून एका मुंबईच्या कंपनीला दंड केला. इंग्रजांनी ते निमित्त केलं आणि १८८५ च्या नोव्हेंबरात मंडाले घेतलं. थिबा राजाला, राणीला आणि त्यांच्या मुलींना बोटीत घालून शेवटी रत्नागिरीला आणून ठेवलं. त्याच्यासाठीचा राजवाडा १९१० साली झाला, आणि १९१६ साली राजा इथेच वारला. राणी पुढे परत गेली, थोरल्या राजकन्येचं आयुष्य मात्र याच मातीत संपलं. शाळांच्या सहली थिबा पॅलेस बघायला जातात, मुलं खिडक्यांच्या रंगीत काचांपुढे फोटो काढतात. त्या मुलांना कुणी सांगतं का, की १ फेब्रुवारी २०२१ रोजी त्या देशात लष्कराने निवडून आलेलं सरकार उलथवलं? की २८ मार्च २०२५ रोजी त्याच मंडालेजवळ ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला आणि तीन हजारांहून अधिक माणसं गेली? ज्या शहरातून आणलेला राजा आपल्या गावात पुरला आहे, ते शहर पडलं तेव्हा रत्नागिरीत एक शोकसभा व्हायला हवी होती.

एक गोष्ट मात्र मला ठासून सांगायची आहे. परदेशाबद्दल आस्था म्हणजे व्हॉट्सअॅपवर आलेले व्हिडिओ पुढे ढकलणं नव्हे. गाझाच्या युद्धात मी आमच्या आसपास काय पाहिलं ते आठवून वाईट वाटतं. तिकडच्या मेलेल्या लेकरांचे फोटो इकडे वाडी विरुद्ध मोहल्ला अशा भांडणाला सरपण म्हणून वापरले गेले. बरेचसे फोटो त्या युद्धाचे नव्हतेच. ज्यांनी ते पाठवले त्यांना तिकडच्या माणसांबद्दल काही वाटत होतं असं मला दिसलं नाही. खरं तर ह्या प्रश्नाकडे शहाणपणाने बघण्याचा अधिकार आपल्या किनाऱ्याइतका थोड्यांनाच असेल. नवगाव, रेवदंडा, अलिबागच्या भागात बेने इस्राएल शेकडो वर्षं राहिले, तेलाचे घाणे चालवले, शनिवार पाळला म्हणून शनिवार तेली म्हणवले गेले. १९४८ नंतर त्यांतले बहुतेक इस्राएलला गेले आणि तिकडे जाऊनही घरात मराठी बोलत राहिले. आणि त्याच किनाऱ्यावरचे कोकणी मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या अरब मुलखात राबले. दोन्हीकडे आपली माणसं आहेत. दोन्हीकडच्या आईचं रडणं ऐकू येईल अशा जागी आपण उभे आहोत. मग ते न ऐकता आपण एकमेकांवर का ओरडावं?

"आपल्या हातात काय आहे?" असं मला ग्रामसभेनंतर एका ज्येष्ठ काकांनी विचारलं, आणि ते मनापासून विचारत होते. युद्ध थांबवणं आपल्या हातात नाही. पण कुठलं गाव काय भोगून बसलं आहे हे माहीत करून घेणं हातात आहे, आणि तेच आपल्यावर येऊ घातलं तर वेळेत उठून बोलणंही. बोटीवरच्या मुलाच्या घरी त्या रात्री कुणीतरी जाऊन बसणं हातात आहे. शिवाय त्रिस्सिनोच्या आयांना मराठीतून चार ओळींचं पत्र लिहून, ते कुणाकडून तरी इटालियनमध्ये करून पाठवणंही हातात आहे. त्यांच्याजवळ कित्येक वर्षांचा अनुभव आहे, तपासण्या कुठल्या करायच्या, कागद कुठले मागायचे, कुठल्या उत्तरावर गप्प बसायचं नाही. त्या सांगतील याची मला खात्री वाटते.

म्हणून माझी विनंती आहे. येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा. महिन्यातली एक संध्याकाळ गावातल्या वाचनालयाला, वाचनालय नसेल तर शाळेला द्यावी. तिथे एखाद्या शिक्षकाने, बोटीवरून सुट्टीला आलेल्या मुलाने किंवा आखातातून परतलेल्या माणसाने एका देशाबद्दल बोलावं. बोलणाऱ्याने बातमी कुठून घेतली तेही सांगावं. पंचायतीने आपल्या गावचे किती लोक कुठल्या देशात आणि कुठल्या बोटींवर आहेत याची वही ठेवावी, घरच्यांच्या संमतीने, म्हणजे तिकडे काही पेटलं तर कुणाच्या दारात जायचं ते शोधत बसावं लागणार नाही. आणि गावात किंवा जवळच्या एमआयडीसीत नवा कारखाना येणार असेल, तर पंचायतीच्या पहिल्या पत्रात एक प्रश्न लेखी असावा : हाच माल, हीच यंत्रं याआधी जगात कुठे चालली आणि तिथल्या लोकांचं काय झालं? उत्तर ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवावं.

पाण्याचा प्रश्न त्याआधी घ्या, माझी हरकत नाही. नळ आणि साकव यांच्यावर बोलून झालं की अर्धा तास पुरेल. आमच्या गावासाठीचा नकाशा वर्गणीतून आला आहे, त्याला पंचायतीचा खर्च नको. ठरावाचा मसुदा मी लिहून ठेवला आहे. ज्या पंचायतीला हवा असेल तिने माणूस पाठवावा, वाचनालय संध्याकाळी सातपर्यंत उघडं असतं.

कळावे,

आपली नम्र,
एक ग्रंथपाल,
दाभोळ खाडी, जिल्हा रत्नागिरी